ऊस भरलेला १२१० : पितळी पत्रा, लाकडी काड्या आणि खराट्याचे हीर

ट्रकच्या मॉडेलांची किट्स बाजारात कमी नाहीत. इटालेरी आणि रेव्हेल या कंपन्या १:२४ प्रमाणातले युरोपीय ट्रक विकतात, अमेरिकन एएमटीचा पीटरबिल्ट १:२५ मध्ये मिळतो. खोका उघडा, साच्यातून निघालेले भाग कापा, जोडा, रंगवा. पण मला हवा होता टाटा १२१० एसई. आखूड नाकाचा, गोल हेडलाइटांचा, मागे लाकडी हौदा असलेला. त्याचं किट मला कुठे सापडलं नाही. जे ट्रक आपण जन्मभर रस्त्यावर बघितले, त्यांचेच भाग सुटे मिळत नाहीत म्हटल्यावर दोनच वाटा उरतात. किटमधला युरोपीय स्कॅनिया जोडून समाधान मानायचं, नाहीतर बंपरपासून मागच्या फाळक्यापर्यंत सगळं हाताने घडवायचं. मी दुसरी वाट धरली.

टाटाच्या जुन्या नावांमध्ये हिशोब सरळ असायचा. पहिले दोन आकडे भरलेल्या गाडीचं एकूण वजन टनांत, पुढचे दोन अश्वशक्ती दहाच्या पटीत. १२१० म्हणजे बारा टन, शंभर घोडे. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ पर्यंत त्या गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे, नंतर आपलं ‘टी’ आलं. मॉडेल बांधताना या इतिहासाचा उपयोग असा की चांदणी लावायची की ‘टी’, हे आधी ठरतं. माझी गाडी साधारण दोन हजार सालानंतरची, म्हणजे म्हातारपणी साखर कारखान्याला लागलेली. चांदणीचा प्रश्नच नव्हता.

मापांसाठी सर्वात सोयीची जागा कारखान्याचा गाडीतळ. सांगली जिल्ह्यात आमचे नातेवाईक आहेत, तिथे हंगामात ऊस भरलेल्या गाड्या काट्यावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास उभ्या असतात. पळून जात नाहीत. मी टेप, वही, आणि दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा रंगवलेली एक मीटरची काठी घेऊन गेलो. काठी गाडीला टेकवून ठेवायची, आपण शक्य तितकं लांब जायचं आणि झूम करून फोटो काढायचा. जवळून काढला की नाक मोठं आणि शेपटी बारीक दिसते, अशा फोटोवरून काढलेलं माप कामाचं नसतं.

चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप धरून मी वाकलो होतो, तेवढ्यात ड्रायव्हरमामा खाली उतरले.

“काय मापताय वो साहेब? आरटीओकडनं आलाय काय?”

“नाही हो मामा. छोटी गाडी बनवतोय, अशीच.”

“पोराला खेळायला?”

“मलाच.”

मामांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग क्लीनरला हाक मारली आणि टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. पुढचं काम झपाट्याने झालं. दोन धुऱ्यांमधलं अंतर ४,२२५ मिलीमीटर. माझं मॉडेल १:२४ प्रमाणातलं, म्हणून भागिले चोवीस, १७६. टायर ९.००-२०, व्यास १,०२० च्या आसपास, म्हणजे माझ्या टेबलावर साडेबेचाळीस. मागची नंबर प्लेट ३४० बाय २००. हे शेवटचं माप फार उपयोगी. ते नियमाने ठरलेलं आहे, त्यामुळे टेप हाताशी नसताना काढलेल्या जुन्या फोटोतही तीच प्लेट फूटपट्टीचं काम करते.

हौद्याची मापं मात्र मी गाडीवर घेतली नाहीत. गाडी बांधणाऱ्याकडे गेलो. आपल्याकडे या ट्रकची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, फॅक्टरीतून नाकासकट यायची, केबिनचा मागचा भाग आणि हौदा बाहेरचा मिस्त्री बांधायचा. त्यामुळे एकाच सालच्या दोन गाड्यांचे हौदे जुळे नसतात. हायवेलगतच्या एका वर्कशॉपमध्ये एक वयस्क मिस्त्री भेटले. त्यांची सगळी मापं फूट, इंच आणि सुतात, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पंधरा फूट लांब, सात फूट रुंद, फळी दहा सूत जाड. मी मनातल्या मनात सगळं मिलीमीटरमध्ये आणून चोवीसने भागत बसलो होतो, आणि मध्येच लक्षात आलं की याची गरजच नाही. १:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. खऱ्या गाडीवरचे तीन इंच म्हणजे माझ्याकडे एक सूत. पंधरा फुटांचा हौदा साडेसात इंच, सात फुटांची रुंदी साडेतीन इंच. मिस्त्रींचं माप तोंडी ऐकायचं आणि तसंच पट्टीवर धरायचं. तेव्हापासून हौद्यासाठी मी मेट्रिकला हात लावला नाही. चेसिसला मिलीमीटर, हौद्याला सूत. खऱ्या गाडीतही हाच बेबनाव असतो, फॅक्टरी एक भाषा बोलते आणि मिस्त्री दुसरी.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली. मी फोटो दाखवत विचारत होतो की मागचा कमानपाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग, किती वाकडा धरू. ते म्हणाले, “गाडी भरलेली दावणार का मोकळी, ते आधी ठरवा भाऊ. भरलेल्या गाडीचा पाटा सरळ व्हतो. वरचा हेल्पर पाटा टेकतो. कमान मोकळ्या गाडीला.” भार दाखवायचा की नाही हा सजावटीचा प्रश्न, तो शेवटी पाहू, असं मी धरून चाललो होतो. पण त्यावर पाट्याचा बाक ठरतो, बाकावर गाडीची उंची, उंचीवर मागचं चाक मडगार्डखाली किती शिरतं ते. म्हणजे पहिला भाग कापण्याआधी शेवटचा ऊस ठरवायला हवा. मी भरलेली गाडी घेतली.

इथून पुढे मी एकच पद्धत धरली. मूळ भाग ज्या रीतीने घडला असेल, त्याच रीतीने आपण घडवायचा. वाकवलेला असेल तर वाकवायचा, ओतलेला असेल तर ओतायचा, फळ्या ठोकून केला असेल तर फळ्या लावायच्या. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यातून सगळं कोरून काढता येतं, आणि लांबून ते ठीकही दिसतं. पण जवळ गेलं की कडा चुगली करतात. वाकवलेल्या पत्र्याच्या कोपऱ्याला जी किंचित गोलाई असते ती कोरीव कोपऱ्याला येत नाही. कानस मारून आणली तरी दोन्हीकडे सारखी येत नाही.

चेसिसच्या दोन लांब पट्ट्या खऱ्या गाडीत जाड पत्रा दाबून केलेल्या असतात, आकार इंग्रजी सी सारखा. मी मोजलेल्या गाडीत उभी बाजू सव्वादोनशे मिलीमीटर आणि वरची-खालची कड साठ होती. चोवीसने भागून ९.४ आणि २.५. जाडी सात मिलीमीटर, म्हणजे माझ्याकडे ०.३. एवढ्या पातळ प्लॅस्टिकची चेसिस स्वतःच्याच वजनाने झोका घेते. पितळेचा ३० गेज पत्रा मात्र जवळपास तेवढ्याच जाडीचा असतो आणि वाकवल्यावर ताठ उभा राहतो. पुण्यात बोहरी आळीतून तो आणला. दुकानदाराने किती किलो हवा असं विचारलं, माझी गरज तळहाताएवढी. तुकडा मिळाला, सोबत एक नजरही मिळाली.

पितळ सरळ वाकवलं तर कोपऱ्यावर तडकू शकतं. आधी ते गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करायचं. मग आतल्या बाजूने वाकायच्या रेषेवर सुईने हलका ओरखडा. पहिला बाक सोपा आहे, दोन लोखंडी अँगलांमध्ये पट्टी धरून व्हाइसमध्ये आवळायची आणि लाकडी ठोकळ्याने लांबीभर एकसारखं दाबत न्यायचं. दुसऱ्या बाकाला अँगल आत शिरत नाही. तिथे आत भरायला पट्टी लागते, आणि ती बरोबर आतल्या मापाची, ८.८ मिलीमीटरची हवी. आठची चौकोनी सळई सहज मिळते. तिला ०.८ च्या पत्र्याची पट्टी चिकटवून जाडी भरून काढली. पितळ थोडं मागे येतं, म्हणून काटकोनाच्या जरा पुढेच दाबायचं. कड आधी चार मिलीमीटरची ठेवून वाकवली आणि नंतर कानशीने अडीचवर आणली, कारण अडीच मिलीमीटरच्या कडेला ठोकळा धरायला जागाच मिळत नाही.

आडव्या पट्ट्या डाखाने जोडल्या. एका सांध्याला उष्णता दिली की शेजारचा सांधा सुटू पाहतो, त्यावर उपाय म्हणजे शेजारच्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा. रिबिटांच्या टोप्यांसाठी टाचण्यांची डोकी वापरावीत असं वाटतं, पण ती या प्रमाणात फार मोठी दिसतात. मी फेविकॉलचे ठिपके दिले, दात कोरायच्या काडीने. फेविकॉल सुकताना बसतो, म्हणून एकावर एक दोन ठिपके लागतात. रंगाखाली ते हुबेहूब रिबिटं दिसतात, आणि रांग वाकडी झाली तर ओल्या बोटाने पुसून पुन्हा सुरुवात करता येते. लोखंडात ही सोय नाही.

कमानपाटे हा या सगळ्या कामातला माझा लाडका भाग. खरा पाटा सत्तर मिलीमीटर रुंद, दहा-बारा जाड. म्हणजे अर्धा मिलीमीटर जाड प्लॅस्टिकच्या पावणेतीन-तीन मिलीमीटर रुंद पट्ट्या. प्लॅस्टिक म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, दुकानात ‘हिप्स शीट’ म्हणून मागायचं. परदेशात एव्हरग्रीन कंपनीच्या तयार पट्ट्या मिळतात, त्या इथे मागवल्या तर पट्टीपेक्षा टपाल महाग. छोट्या कामाला घरात येणारे डबेही चालतात. बुडाशी त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन. चिकटवायला साइनबोर्डवाले ॲक्रिलिकसाठी वापरतात ते एमडीसी, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड. हे डिंकासारखं चिकटवत नाही. दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतं. दोन भाग कोरडेच एकमेकांवर धरायचे आणि फटीला शून्य नंबरचा ब्रश टेकवायचा, द्रव आपोआप आत ओढला जातो. वाफ वाईट असते. खिडकी उघडी, पंखा पाठीमागून, आणि बाटलीचं झाकण लगेच बंद. यात आळस करू नये.

पाटे एकाखाली एक लावताना प्रत्येक पुढचा दोन्ही टोकांनी थोडा आखूड. सगळ्यात वरच्या मोठ्या पाट्याच्या टोकांना डोळे, ते बारीक नळीवर पट्टी गुंडाळून केले. आता बाकाचा प्रश्न. पुढचे पाटे मी थोडे कमानदार ठेवले, कारण उसाचा भार मागच्या धुऱ्यावर जास्त येतो. पट्ट्या काचेच्या बरणीवर दोऱ्याने बांधल्या आणि त्या अवस्थेतच पट्ट्यांच्या मधे एमडीसी सोडलं. पट्ट्या वाकलेल्या असतानाच एकमेकींत विरघळून जोडल्या जातात, त्यामुळे दोरा सोडल्यावर सरळ होत नाहीत. खऱ्या पाट्यांचा संच वेगळ्या कारणाने कमानीत राहतो, पण दिसायला तेच. मागचा संच जवळजवळ सरळ, वर हेल्परचे पाटे, त्यांची टोकं चेसिसवरच्या ठोकळ्यांना टेकलेली. यू बोल्टांसाठी २१ गेजची वाइंडिंग वायर, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वाटीभर तुकडे फुकट मिळाले. तिच्यावरचं इनॅमल खरवडल्याशिवाय डाख बसत नाही.

चाकांना वेळ लागला, पण तिथे मूळ गाडीच मदतीला आली. या ट्रकांची डिस्क पुढे-मागे एकच असते. पुढच्या चाकाला फुगीर बाजू बाहेर, मागच्या बाहेरच्या चाकाला तीच डिस्क उलटी, खोलगट बाजू बाहेर. म्हणूनच तर एक स्टेपनी सगळीकडे चालते. म्हणजे मला एकच नमुना घडवायचा होता, त्याच्या सात प्रती ओतल्या की सहा चाकं आणि स्टेपनी. टायरांचं तसं नाही. पुढे लांब खाचांचं रिब टायर आणि मागे आडव्या गट्ट्यांचं लग टायर, ही जुन्या ट्रकांची नेहमीची जोडी. त्यामुळे टायरचे नमुने दोन.

टायरचा नमुना म्हणजे प्लॅस्टिकच्या चकत्यांची चळत, मधून बोल्ट. तो बोल्ट हँड ड्रिलच्या तोंडात, ड्रिल व्हाइसमध्ये, आणि समोरून कानस व पॉलिशपेपर. गरिबाचं लेथ. वेग कमीत कमी ठेवायचा, नाहीतर प्लॅस्टिक घासलं जाण्याऐवजी वितळून लोंबायला लागतं. लगच्या गट्ट्या मात्र एकेक कापून चिकटवल्या. त्यांच्यात सारखं अंतर यावं म्हणून कागदाची पट्टी टायरभोवती गुंडाळायची, जिथे टोकं जुळतात तिथे कापायची, ती टेबलावर सरळ पसरून समान भाग पाडायचे आणि परत टायरवर चिकटवून त्या खुणांवर गट्ट्या लावायच्या. कोनमापकाच्या नादी लागू नये. गट्टी किती तिरकी आहे आणि बाजूच्या भिंतीवर किती खाली उतरते हे फोटोत बघून घ्यावं, टायरचा सगळा रुबाब त्या उतरण्यात आहे.

साचा आरटीव्ही, म्हणजे खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या सिलिकॉनचा, ओत पीयू (पॉलियुरेथेन) रेझिनचा. दोन्ही आता पुण्या-मुंबईत सहज मिळतात, पुतळे आणि शोभेच्या वस्तू करणारे तेच वापरतात. गट्ट्यांच्या कोपऱ्यात हवेचे बुडबुडे अडकतात. साच्यात आधी अंगाला लावायची पावडर भुरभुरवून जास्तीची झटकून टाकली की रेझिन कोपऱ्यापर्यंत पोचतं. ओतून झालेल्या मागच्या टायरांचा तळ मी थोडा घासून सपाट केला आणि तिथेच बाजूच्या भिंतींना एम-सीलचा हलका फुगवटा दिला. बारा टनांच्या गाडीचं टायर जमिनीवर एका बिंदूत टेकलेलं दाखवलं तर बाकीची मेहनत कोणी बघत नाही.

केबिनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळं धीराचं काम आहे, युक्तीचं नाही. नाक आणि मडगार्डं एमडीएफच्या थरांतून कोरली, प्लॅस्टिकच्या जाडीइतकी लहान. प्लायवूडच्या चौकटीत त्याच आकाराचं किंचित मोठं भोक. वर हिप्स शीट ठोकून ती गॅसवर फिरवत राहायची, शीट पोटातून लोंबायला लागली की लगेच साच्यावर दाबायची. पत्रा दाबूनच मूळ मडगार्ड झालेलं असतं, आपण फक्त पोलादाऐवजी प्लॅस्टिक दाबतो. फटी भरायला फेविक्विक आणि खाण्याचा सोडा. सोड्यावर थेंब पडताक्षणी दगड होतो, मग कानस. पुढच्या काचा पारदर्शक ओएचपी शीटच्या. हेडलाइट सात इंची, म्हणजे ७.४ मिलीमीटर, आणि त्याची फुगीर काच माझ्या औषधांच्या डब्यात होती. गोल गोळ्यांच्या पारदर्शक पाकिटाचा फुगा नेमका त्या मापाचा मिळेपर्यंत घरातल्या सगळ्यांची पाकिटं मी कॅलिपरने मोजली. बीपीची एक गोळी बरोबर निघाली. गोळ्या आधी संपवायच्या, हे सांगायला नको.

अलीकडे हे सगळं थ्रीडी प्रिंटरवर होतं, असं प्रत्येक जण सांगतो. होतं. माझा त्याला विरोध नाही, हेडलाइटच्या कड्या मीही कदाचित पुढच्या वेळी छापून घेईन. पण प्रिंटरलाही माप कोणीतरी द्यावं लागतंच, आणि टाटा १२१० च्या शॅकलची, म्हणजे पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीची, फाइल कुठे तयार पडलेली नाही. गाडीतळावर वाकायला जावंच लागतं.

हौदा लाकडाचाच केला. बाल्साचे रेषे या प्रमाणात फार जाडे दिसतात, फळीला भेगा पडल्यासारखं वाटतं. कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या मात्र अगदी बारीक रेषेच्या असतात. रुंदी पाच-सहा मिलीमीटर म्हणजे गाडीवर पाच-साडेपाच इंची फळी, जाडी सव्वा मिलीमीटर म्हणजे जवळजवळ दहा सूत. मिस्त्रींची फळी आयती तयार. आधी खालचे आडवे ठोकळे, त्यांवर तळाच्या फळ्या, मग उभे खांब, मग बाजूच्या फळ्या, हा क्रम मिस्त्रींचाच. काड्या कापल्यावर टोकं जाणूनबुजून एका रेषेत घासली नाहीत, वर्कशॉपमध्येही ती करवतीवर सुटलेली असतात. खांबांवरून खाली येणाऱ्या लोखंडी पट्ट्या उरलेल्या पितळी पत्र्याच्या. फाळक्याच्या साखळीसाठी नकली दागिन्यांच्या दुकानात गेलो आणि सगळ्यात बारीक साखळी मागितली. दुकानातल्या ताईंनी विचारलं, “पेंडंट कोणतं घालणार?” मी म्हटलं, ट्रक. त्यांनी अर्धा मीटर कापून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

रंगाच्या बाबतीत नियम माहीत असलेले बरे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटच्या ट्रकसाठी वाळक्या पानाचा तपकिरी रंग, तीस सेंटिमीटरचा पांढरा पट्टा आणि साठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात ‘नॅशनल परमिट’ ही अक्षरं मुळात सांगितलेली होती. १:२४ मध्ये साडेबारा मिलीमीटरचा पट्टा आणि पंचवीसचं वर्तुळ. माझी गाडी तालुक्याबाहेर फारशी न जाणारी, तिला हे लागू नव्हतं, म्हणून केबिन भगव्याकडे झुकणारी नारिंगी केली. कोणताही रंग डब्यातल्यासारखा थेट मारू नये, थोडा पांढरा मिसळावा. छोट्या वस्तूवर मूळ रंग गडद वाटतो. ऑटो पेंटमधला थिनर हिप्स खातो, त्यामुळे पहिले हात अगदी विरळ आणि कोरडे.

मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं की नाही, यावर मी बराच विचार केला. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये व्यावसायिक गाड्यांवर ते लिहायला बंदी घातली. माझी गाडी त्याआधीच्या एका हंगामात उभी आहे, म्हणून लिहिलं. तीन शून्यांचा ब्रश, पिवळ्यावर लाल, लाल अक्षराला काळी सावली. आधी पेन्सिलीने वर-खाली दोन रेघा, मग मधलं अक्षर, मग दोन्ही बाजूंना. पेंटर लोक डावीकडून सुरुवात करत नाहीत, हे मी फार पूर्वी रंगकाम बघत उभा राहून शिकलो होतो.

राहिला ऊस. तोडलेला ऊस आठ-दहा फुटांचा, तळाशी जाडी इंच-सव्वा इंच. माझ्याकडे चार-पाच इंच लांब आणि एक ते सव्वा मिलीमीटर जाड. खराट्याचा हीर. बुडाकडचा भाग नेमका त्या जाडीचा, आणि उसासारखाच वर निमुळता होत जाणारा. पूर्ण हौदा हिरांनी भरायचा म्हटलं तर गल्लीतले खराटे पुरणार नाहीत. आत थर्मोकोलचा ठोकळा ठेवला आणि बाहेरून दिसणारे थर तेवढे हिरांचे. इथे मी माझीच पद्धत मोडली, आणि त्याचं मला काही वाटलं नाही, आतला ऊस कोणी मोजायला येत नाही. को ८६०३२ जातीच्या उसावर लालसर-जांभळी झाक असते, म्हणून पिवळट हिरव्या पाण्यासारख्या रंगावर तीच झाक पुसून दिली. पेरांच्या खुणा पेन्सिलीने, सारख्या अंतरावर नव्हे. बुडाला जवळजवळ, वर लांब. मोळ्या बांधायला वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याच्या, जागी चहाच्या पिशवीचा कागद चिरून पिळला. बाजूच्या फळ्यांवर ऊस किती चढतो, कुठे बाहेर झुकतो, हे गाडीतळावरच्या फोटोंवरून घेतलं, आणि शेवटी वरून दोर टाकून दोन्ही बाजूंच्या हुकांना आवळला. आवळताना मागचा पाटा आणखी खाली बसत नाही, एवढंच काय ते खोटं.

फोटो ड्रायव्हरमामांना पाठवले. त्यांनी विचारलं की गाडी बिनवायपरची काट्यावर कशी आणली. वायपर पाकिटात तयार होते, काचेवर बसवायचे बाकी होते. ते त्याच संध्याकाळी बसले.

आता टेबलावर ट्रॅक्टरची दुहेरी ट्रॉली आहे. तिला कुठली फॅक्टरीच नाही, गावचा वेल्डर अँगल आणि चॅनल कापून बांधतो, त्यामुळे प्रत्येक ट्रॉलीची मापं वेगळी आणि वेल्डिंगचे फुगे सगळ्यात मोठे. ते फुगे फेविकॉलने जमतील असं वाटत नाही. सध्या एम-सीलची वात करून तिच्यावर सुईने तिरके दाब देऊन बघतोय.